बायसेप्सचं टेंडन आणि माझे सहा महिने

आधी वाटलं झोपेत हात अवघडला असेल. खांद्याच्या पुढच्या बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल अशी एकच जागा ठणकायची, आणि वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उचलला की कळ थेट दंडात उतरायची. दोन महिने बाम चोळत काढले, तेही जिम चालू ठेवून, म्हणजे शहाणपणा बघा.

ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी हात सरळ पुढे धरायला सांगितला, तळवा वर, आणि वरून दाबत म्हणाले, आता उचला. मी ओरडलोच. मग कळलं की बायसेप्सला, म्हणजे दंडाच्या पुढच्या स्नायूला, वर दोन टेंडन (स्नायू हाडाला बांधणारे दोर) असतात, त्यातलं लांबवालं दंडाच्या हाडातल्या खोबणीतून खांद्याच्या सांध्यात जातं आणि तिथेच घासून खराब होतं. एमआरआयमध्ये ते अर्धवट फाटलेलं दिसलं, रोटेटर कफ, म्हणजे खांद्याचा सांधा धरून ठेवणारे स्नायू आणि त्यांचे टेंडन, मात्र ठीक होता (दोन्ही बरेचदा जोडीनेच बिघडतात म्हणे).

लगेच ऑपरेशन नाही केलं. आराम, गोळ्या, फिजिओ, मग सोनोग्राफीत बघून टेंडनच्या भोवती स्टिरॉइडचं इंजेक्शन, टेंडनमध्ये नाही, त्याने ते आणखी कमजोर होऊ शकतं. महिनाभर मस्त गेला आणि ये रे माझ्या मागल्या.

शेवटी दुर्बिणीतून ऑपरेशन. टेंडन नुसतं कापून सोडायचं, नाहीतर कापून खाली हाडाला नव्याने बसवायचं, म्हणजे टेनोडेसिस. पहिल्यात सुटका लवकर, पण दंडाची बेडकी खाली घसरून गोळा दिसू शकतो. मी दुसरं घेतलं.

खरा वैताग त्यानंतर. चार आठवडे स्लिंग, आणि दुखणं तर तिसऱ्या आठवड्यातच कमी झालेलं, त्यामुळे हात सारखा शिवशिवायचा. कोपर जोर लावून वाकवायचं नाही हे लक्षात होतं, पण फिजिओ मॅडमनी हात पिळायलाही बंदी घातली होती ते मी कानाआड केलं. बायसेप्स म्हणजे वजन उचलायचा स्नायू एवढंच डोक्यात, पण तळवा वर फिरवायला पण तोच लागतो, स्क्रू पिळताना सुद्धा. पाचव्या आठवड्यात नकळत दाराचा नॉब फिरवला आणि आत काहीतरी ओढल्यासारखं झालं, घामच फुटला. तुटलं काही नव्हतं, पण मॅडमनी सुनावलं, "दुखत नाही म्हणून टेंडनने हाड धरलं असं नसतं हो."

तीन महिन्यांनी एक किलोचं डंबेल हातात दिलं. आता हात पूर्ण वर जातो, बेडकीही जागेवर आहे, बेंच प्रेस अजून नाही. नॉब मात्र अजून डाव्या हातानेच फिरवतो, सवयच लागलीय.