पाव वॅट बास

कोल्हापुरात वस्तू घेताना किमतीच्या आधी दणकटपणा बघतात. पायताण असो नाहीतर आचाऱ्याची कढई, हातात घेऊन वजन जोखल्याशिवाय आमचा माणूस पुढे बोलत नाही. वॅटचंही तसंच. गणपतीच्या मिरवणुकीत कुणाची सिस्टीम किती वॅटची यावर चौकात तासन्‌तास चर्चा रंगते, आणि ज्यांचा आकडा मोठा त्यांची मान ताठ. अशा गावात राहून गिटारचा आवाज बदलणारे पायाखालचे डबे, म्हणजे इफेक्ट पेडलं, जोडायची आणि काउंटरवर वीज अडवणारे बारके रेझिस्टर पाव वॅटचे मागायचे, म्हणजे दुकानदाराच्या नजरेत आधी कीव येते.

"हाफ वॅट न्या की. थोडं जादा पडतंय, पण टिकंल तरी."

सल्ला प्रेमाचा असतो. फक्त पेडलला त्याची गरज नसते.

पेडल म्हणजे 9 व्होल्टचा संसार. एखाद्या रेझिस्टरच्या वाट्याला जास्तीत जास्त किती येणार? सगळेच्या सगळे 9 व्होल्ट. त्यांचा वर्ग 81, त्याला ओहमने, म्हणजे रेझिस्टरच्या मापाने, भागलं की त्यात उष्णता होऊन जिरणारे वॅट मिळाले. 1 के, म्हणजे हजार ओहम, असेल तर 81 मिलिवॅट, 10 के असेल तर जेमतेम 8. आणि पाव वॅटचा रेझिस्टर सोसतो 250 मिलिवॅट. हेच गणित उलटं केलं की गंमत कळते: 324 ओहमच्या वरचा कुठलाही रेझिस्टर, पेडलच्या आत व्होल्टेज वाढवणारी चिप नसेल तर, कुठेही आणि कसाही लावला तरी पाव वॅटची हद्द ओलांडूच शकत नाही. 18 व्होल्टवर चालणारं पेडल असेल तर तीच रेषा 1,296 ओहमवर जाते. आता पेडलच्या सर्किटचा कुठलाही नकाशा उघडा. 10 के, 47 के, 100 के, 1 मेग (दहा लाख ओहम). त्या रेषेखालचे शोधावेच लागतात.

फझ फेसचंच घ्या. 1966 साली लंडनच्या आर्बिटरने काढलेलं, जिमी हेंड्रिक्सच्या पायाखाली गेल्यामुळे अजरामर झालेलं पेडल. आत दोन ट्रान्झिस्टर आणि अवघे चार रेझिस्टर. त्यांतला सर्वांत लहान 470 ओहमचा, पण त्यातून करंट जातो अर्धा मिलिअँपच्या आसपास. म्हणजे त्याच्यात एक मिलिवॅटसुद्धा जिरत नाही. तिथे अर्धा वॅट बसवणं म्हणजे खासबागेत हिंदकेसरी उतरवून त्याला रुमाल उचलायला सांगणं.

पेडलच्या डब्यांना भोकं पाडायला मी उद्यमनगरात जातो. तिथल्या एका मिस्त्रींना हा हिशोब पटत नाही. बोर्ड हातात घेऊन ते म्हणाले, "आमी शाफ्ट दीडपट धरतोय, आन्‌ तुमी काठावर चाललाय?"

"काठावर कुठं मामा, तिप्पट-चौपट हातात ठेवूनच बसवतोय," म्हटलं तरी ते बोर्डाकडेच बघत राहिले. त्यांच्या धंद्यात ते बरोबरच आहेत. पण रेझिस्टरवरचा आकडाही कुणी काठावर लिहीत नाही. साधारणपणे तो भोवतीची हवा 70 अंशांवर असताना सोसण्याचा असतो. कोल्हापूरचा मे महिना कितीही चटके देवो, तिथवर त्याची मजल नाही.

खरं म्हणजे पेडलमध्ये वॅट बघायचे ते जागेसाठी. पाव वॅटचा रेझिस्टर सहा-साडेसहा मिलिमीटर लांब, जुन्या मापाचा हाफ वॅट नऊ. डबा 112 बाय 60 मिलिमीटरचा, त्यात वायर खुपसायचे जॅक, फिरवायच्या बटणाचा पॉट, पायाचा स्विच आणि बॅटरी कोंबायची. तिथे हाफ वॅट आडवा बसत नाही, मग तो उभा करायचा, आणि झाकण लावताना तो शेजारच्या तारेला टेकतो. मग एक अष्टमांश वॅटचे का नाही? विजेच्या हिशोबाने खुशाल चालतील. पण तीन-साडेतीन मिलिमीटरच्या निळ्या अंगावर पाच पट्टे, त्यांत तपकिरी कुठला आणि लाल कुठला हे ओळखायचं, तेही ट्यूबलाइटखाली! चाळिशी लागलेल्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. मल्टिमीटर असतो, पण एकेक करून किती मोजणार?

मोठ्या वॅटमुळे आवाज 'जाड' येतो, असं छातीठोक सांगणारेही भेटतात. त्यातले बरेचसे जुन्या कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टरचे भक्त. त्या जातीचा रेझिस्टर व्होल्टेजप्रमाणे किंचित बदलतो हे खरं, पण तो बदल कानाला जाणवायला शंभरएक व्होल्टचा हेलकावा लागतो. आपल्याकडे आहेत नऊ. उरते ती फक्त त्याची खरखर.

आता ज्या एका ठिकाणी वॅटचा विचार करायलाच हवा, तिकडे येतो. वीज आत येते तिथे बऱ्याच पेडलांत 100 ओहमचा एक रेझिस्टर असतो, अडॅप्टरची गुणगुण गाळण्यासाठी. पुढे एक उलटा डायोड, म्हणजे एकाच दिशेने वीज सोडणारा भाग, कुणी प्लस-मायनस चुकवलं तर पेडल वाचावं म्हणून. एरवी तिथून पाच-दहा मिलिअँप जातात, 10 मिलिवॅटच्या आत काम भागतं. पण पेडलच्या पिनला आत निगेटिव्ह लागतो आणि घरातल्या वायफाय राउटरच्या अडॅप्टरला आत बहुधा पॉझिटिव्ह असतो, वर तो 12 व्होल्टचा. ऑर्केस्ट्राच्या घाईत कुणीतरी तोच खुपसतो. मग डायोड चालू होतो, उरलेले 11.3 व्होल्ट त्या बिचाऱ्या 100 ओहमवर, आणि हिशोब येतो सव्वा वॅटच्या वर.

पाव वॅटचा असेल तर तो लगेच धूर काढतो, वासाने सगळ्यांना कळतं, एखाद्या रुपयाचा माल गेला म्हणून बदलायचा. 2 वॅटचा असेल तर नुसता तापतो आणि टिकतो. दोन्ही मला मान्य. दुकानदाराचा लाडका हाफ वॅट मात्र ना धड जळतो ना धड टिकतो. भाजत राहतो आणि खालचा बोर्ड काळा करून ठेवतो. म्हणून त्या जागी मी पाव वॅटच लावतो, बोर्डापासून जरा उचलून.

आग्रहाने गळ्यात मारलेले हाफ वॅट मी व्हॉल्व्ह अँप, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांचे अँप्लिफायर, बांधणाऱ्या मित्राला देऊन टाकतो. तिथे व्होल्टेज 300 च्या घरात. नळीच्या प्लेटला जोडलेल्या 100 के रेझिस्टरमध्ये 100 मिलिवॅटच जिरतात, पण पाव वॅटचा बहुतेक माल 250 व्होल्टच्या आसपासच सोसतो, म्हणून तिथे मोठं अंग लागतं. हे त्याला व्यवस्थित ठाऊक आहे. तरी अलीकडे तो एक वॅटचे आण म्हणतो, आणि मी गुपचूप आणून देतो.