उरलेले तुकडे

हरेगावच्या मतमाउलीला, म्हणजे मरियामातेच्या यात्रेला, पायी जायचं हे माझं सहावं वर्ष. आमचं गाव वैजापूर तालुक्यातलं. गोदावरी ओलांडली की श्रीरामपूर तालुका लागतो आणि रानाचा रंगच पालटतो. अलीकडं आमची पावसाच्या भरवशावरची कपाशी अन् मका, पलीकडं रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस. भंडारदऱ्याचं पाणी कालव्यानं या भागात येतं. उन्हाळाभर टँकरची वाट बघणाऱ्याला तो ऊस बघून जरा जळायला होतं, खोटं कशाला बोलू?

पहाटे चारला निघालो. पुढं क्रूस, मागं ट्रॉलीत मरियामातेची मूर्ती, रोझरीची जपमाळ संपली की भजन. यंदा प्रत्येकाच्या पिशवीत स्टीलचं ताट आणि पेला होता. ही खोड माझी.

मागच्या वर्षी वाटेत चहावाटप माझ्याकडं होतं. कागदी कप लोकांनी शेताला पाणी नेणाऱ्या चारीत फेकले. मीही दोन-तीन फेकले असतील. दोन दिवसांनी जीपनं परतताना त्याच ठिकाणी एक शेतकरी गुडघाभर पाण्यात उभा. मोरी तुंबली होती. तो हातानं कप उपसत होता. कागदाचा लगदा झालेला, आतला प्लास्टिकचा पापुद्रा मात्र शाबूत, त्याच्या बोटांना चिकटलेला. "तुमच्याच यात्रेचे दिसतात," एवढंच म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

यंदा नोव्हेनाच्या, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, प्रवचनात फादर म्हणाले, 1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर हा देवाच्या निर्मितीसाठी, म्हणजे सृष्टीसाठी, प्रार्थनेचा काळ. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये 1 सप्टेंबर हा त्यासाठी खास प्रार्थनादिन ठरवला. 4 ऑक्टोबर हा असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण. मरियामातेचा 8 सप्टेंबरचा जन्मदिवस याच काळात येतो. मग फादरांनी बायबलच्या उत्पत्ती पुस्तकातलं एदेन बागेचं वाचन काढलं. देवानं माणसाला तिथं ठेवलं ते मशागत आणि राखण करायला. मशागत आम्हाला येते. राखणही येते, पण स्वतःच्या ज्वारीची. माळ्यावर गोफण घेऊन बसू, दुसऱ्याच्या चारीत मात्र कप टाकू.

ताटांना पहिला विरोध आत्याचाच. "धुवायला पाणी कोण देणार? तुझा बाप?" मुद्दा खरा होता. आमच्यासारख्या दुष्काळी गावात तर फारच खरा. शेवटी ठरलं, भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं ताट पुसून खायचं, मग सगळ्यांची ताटं एकाच बादलीत विसळायची. दुपारी बादलीतलं पाणी बाभळीच्या बुडाशी ओतताना आत्याच म्हणाली, "पाच हजार माणसं जेवली तवा येशू काय म्हनला? काही फुकट जाऊ नये म्हणून उरलेले तुकडे गोळा करा. बारा टोपल्या निघाल्या. पर रानात त्या टोपल्या आणल्या कुणी, ते न्हाई सांगत कुणी." याचं उत्तर माझ्याकडंही नव्हतं.

हरेगाव जवळ आलं तशी गर्दी दाटली. एका मंडपात थर्माकोलच्या पत्रावळ्या. राज्यात 2018 पासून बंदी आहे, पण असो. वाढणाऱ्या पोरानं पुढं केलेली पत्रावळ आत्यानं मागं सारली आणि आपलं ताट धरलं. "यात वाढ, लेकरा." त्यानं भात वाढला आणि मागच्या म्हातारीलाही विचारलं, "आजी, तुमचं ताट?" तिच्याकडं नव्हतं. आत्यानं आपलं रिकामं झाल्यावर पुसून तिला दिलं.

परतीला ट्रॉलीत मूर्तीशेजारी वाटेत वेचलेल्या कपांची दोन पोती होती. ती मऊ लागतात म्हणून आत्या एकाला टेकून गावापर्यंत झोपली.