तिसरी तार, कूलर आणि एटीएमची पावती

तानपुऱ्याची तिसरी तार पुन्हा मुकी झाली. दोन्ही जोड एकसारखे बोलू लागलेत असं मागच्या वेळी लिहिलं होतं, आणि तेव्हा ते खरंच होतं. रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. मग नवतपा (उन्हाळ्यातले नऊ कडक दिवस) लागला, घरातला कूलर अष्टौप्रहर सुरू झाला, आणि चार तारांच्या झंकारात मधेच एक भोक पडलं. पंचम ठीक, पहिला जोड झक्क, खर्ज अगदी भरून वाहणारा, आणि तिसऱ्या तारेवर बोट पडलं की नुसतं 'ठण्ण'. त्यापुढे काही नाही.

नव्यांसाठी एका ओळीत: मामांचा मिरजेचा मर्दानी (पुरुषी आवाजाचा) तानपुरा, माझा सूर काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी), तारा पंचम-जोड-जोड-खर्ज (जोड म्हणजे सा ला लावलेल्या मधल्या दोन तारा, खर्ज म्हणजे त्याखालच्या सा ची जाड तार), आणि तारा जिच्यावरून जातात त्या शिसवी घोडीवर हाडाची पट्टी. घोडी चिकटवलेली नाही, तारांच्या दाबावरच उभी आहे. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

पहिला संशय अर्थातच तारेवर. दोन्ही जोड एकाच रिळातले, 28 गेजचं पोलाद, म्हणजे साधारण 0.38 मिमी. तरी दोन्हींची अदलाबदल केली. मुकी तार दुसऱ्या खाचेत गेली आणि लगेच गाऊ लागली. गाणारी तिसऱ्या खाचेत आली आणि गप्प झाली. म्हणजे तार निर्दोष, जागा दोषी. हा प्रयोग फुकटात होतो, पाच मिनिटं लागतात, आणि तरी आपण सगळे आधी नवीन तारा विकत आणायला धावतो.

तारांचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. खर्जासाठी पितळी तार हवी म्हणून इथे नागपुरात सीताबर्डीच्या बाजूला एका दुकानातून घेतली. रंग पिवळाधमक, पण आवाज असा काही पातळ की घरी येऊन चुंबक लावून बघितला. टपकन चिकटली. आत पोलाद, वरून नुसता मुलामा. तेव्हापासून खिशात फ्रिजवरचा चुंबक घेऊनच तारा घ्यायला जातो. दुकानदार वाईट तोंड करतात, करू देत. सध्या चढवलेला खर्ज मिरजेहून टपालाने मागवलेला आहे, आणि त्याच्यावर माझा काडीचा आक्षेप नाही.

दुसरा संशय दोऱ्यावर, म्हणजे घोडीवर प्रत्येक तारेखाली सरकवतात त्या दोऱ्यावर. इथे माझं मत ठाम आहे: शिलाईचा 40 नंबरचा सुती दोरा, बाकी काही नको. पॉलिएस्टरचा दोरा घसरतो, तारेखाली रुतत नाही, आणि नेमका गाताना सरकतो. रेशमाचं कौतुक पुष्कळ ऐकलंय, पण सुतात न मिळालेलं काही मला रेशमात मिळालं नाही. तर दुसऱ्या तारेवर दोरा केसभर पुढेमागे केला की एका ठिकाणी जवारी, म्हणजे तारेचा तो भरून राहणारा झंकार, अशी उघडते की अंगावर काटा यावा. तिसऱ्या तारेवर मात्र दोरा पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला तरी ती जागाच सापडत नाही. 'ठण्ण'चं 'ठंण्' होतं, एवढाच फरक.

मग घोडीचा माथा. हात शिवशिवत होते. 1500 नंबरचा वॉटर पेपर काढून ठेवलाही होता. पण महाल भागातल्या एका वाद्यवाल्या काकांचं बोलणं डोक्यात पक्कं बसलंय. मागे एकदा त्यांना घासण्याबद्दल विचारलं तर माझ्याकडे नुसतं बघत राहिले आणि म्हणाले, "काऊन घासून राहिले जी तुम्ही? हाडूक संपून जाईन, जवारी तशीच राहीन." हाड घासून कमी करता येतं, परत वाढवता येत नाही. तेव्हा वॉटर पेपर बाजूला, पेन्सिल हातात.

पेन्सिलची युक्ती अशी: हाडाच्या पट्टीवर शिशाचा हलका थर द्यायचा, तार चढवून सुरात आणायची, थोडा वेळ छेडायची, मग तार बाजूला सारून पट्टीवरची खूण बघायची. जिथे तार टेकते तिथे शिसं चकाकतं. दुसऱ्या तारेची खूण लांब, पुढे पुढे फिकट होत गेलेली. जवारी हवी तर अशीच खूण हवी, कारण तार एका बिंदूवर टेकून चालत नाही. थरथरताना तिने त्या किंचित उतारावर पुन्हा पुन्हा टेकायचं आणि सुटायचं असतं. तिसऱ्या तारेची खूण मात्र आखूड, पट्टीच्या एका कडेलाच. आता गंमत पाहा. स्टीलची पट्टी आडवी धरून मागून टॉर्च मारला, तर दोन्ही खाचांतून उजेडाची फट अगदी सारखी दिसते. म्हणजे उतार सारखा, पण तार टेकते वेगळी. ही कसली भानगड?

इथे मी थोडा शास्त्राकडे वळलो. सी. व्ही. रमण यांनी 1921 मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला होता, तानपुरा आणि वीणेच्या घोडीबद्दल. साध्या तारेचा नियम असा की ज्या उपस्वराची (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट असा सोबत उमटणारा सूर) गाठ, म्हणजे न हलणारा बिंदू, ज्या जागी पडते, तिथेच छेडलं तर तो उपस्वर उमटत नाही. तानपुऱ्याच्या रुंद घोडीमुळे हा नियम मोडतो, आणि नसायला हवा तो उपस्वरही खणखणीत ऐकू येतो, हे त्यांनी दाखवलं. (हेच रमण 1910 च्या सुमारास सरकारी हिशेबखात्यातल्या नोकरीवर आपल्या नागपुरात होते. गांधीसागराजवळच्या रमण विज्ञान केंद्रात पोरांना नेतो तेव्हा हे सांगायचं राहूनच जातं.)

तर त्या निबंधावरून मला घरगुती चाचणी सुचली, आणि या भागातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट हीच. जोडाची तार बरोब्बर मध्यावर छेडायची. काळी एकचा सा म्हणजे 138.6 हर्ट्झ. मध्यावर छेडल्यामुळे त्याची दुप्पट, 277 हर्ट्झ, साध्या तारेत जवळपास गायब व्हायला हवी. फोनवर आवाजाचा आलेख दाखवणारं एक फुकटचं अ‍ॅप उघडून ठेवलं. दुसऱ्या तारेला 277 वर ताठ उभा खांब. तिसऱ्या तारेला तिथे जेमतेम टेंगूळ. जवारी उघडी की बंद, हे आता कानाच्या मूडवर अवलंबून नाही, डोळ्यांना दिसतं. ज्यांच्या घरी 'तुला सगळं एकसारखंच ऐकू येतं' हा संवाद चालतो, त्यांनी अवश्य करून बघा.

मात्र हेच अ‍ॅप ट्यूनर म्हणून वापरू नका. खर्जातून जो स्वयंभू गंधार येतो, तो मूळ सुराच्या पाचपट, आणि पेटीच्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) खाली. अ‍ॅप बिचारं लाल होऊन सांगत राहतं की गंधार उतरलाय. उतरलेलं नाही काही. त्याला पेटीच शिकवलीय, त्याला काय करणार.

चाचणी हाती आल्यावर ती दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी केली, आणि गुपित उलगडायला लागलं. पहाटे, कूलर काही वेळ बंद राहिल्यानंतर, तिसऱ्या तारेचा खांब थोडा वर येतो. दुपारी कूलर पूर्ण जोरात असताना तो झोपतो. खोलीत एक स्वस्तातला आर्द्रतामापक टांगलाय. कूलर बंद असताना मे महिन्यातल्या दुपारी काटा 20 च्या खाली असतो; ताट्या ओल्या झाल्या, पंखा फिरला की तासाभरात 60 च्या वर. लाकूड ओल पितं, आणि फुगतं ते रेषांच्या आडव्या दिशेने. तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी फळी जिच्यावर घोडी उभी असते, ती कडांना घट्ट बसवलेली, तिला पसरायला जागा नाही, म्हणून ती मधे वर उचलली जाते. आमच्या खोलीत तानपुरा उभा राहील असा कोपरा एकच, तो कूलरच्या खिडकीशेजारी, आणि खर्जाची बाजू नेमकी वाऱ्याकडे. एक बाजू जास्त ओल पिणार, जास्त उचलली जाणार.

आणि घोडी तर नुसती तारांच्या दाबावर उभी.

पाकिटातून एटीएमची एक जुनी पावती काढली, तारा चढलेल्या असतानाच घोडीच्या पायांखाली सरकवून बघितली. पंचमाच्या बाजूला दोन्हीकडून रोखली गेली. खर्जाच्या बाजूला, मागून, निम्मी आत गेली! घोडी चक्क एका कोपऱ्यात अधांतरी होती. म्हणजे माथा निर्दोष, पण सगळी घोडीच किंचित कललेली. दुसरी तार नेमक्या उतारावर, तिसरीचा उतार हरवलेला. खर्ज कसा वाचला? माझा अंदाज, ती तार जाड आणि तिचा हेलकावा मोठा, म्हणून थोडा कल ती खपवून घेते. पोलादी जोड नाही खपवून घेत. पहाटे तीच पावती घालून बघितली, तर आतच जाईना.

या कूलरचा दुसरा गुन्हाही याच निमित्ताने पकडला. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून मोटरची गुणगुण तिच्या दुप्पट, 100 हर्ट्झच्या आसपास. काळी एकचा मंद्र पंचम 104. म्हणजे कूलर चालू असताना पंचम लावायला बसलात तर सेकंदाला चारेक हेलकावे कानात सुरू होतात, आणि कान ते हेलकावे मिटवायच्या नादात पंचम खाली ओढतो. आपल्याला वाटतं, वा, काय जुळला! तेवढ्यात लाईन जाते, कूलर थांबतो, आणि शांततेत कळतं की पंचम वीज मंडळाच्या सुरात लागलाय. काळी दोनवाल्यांना हा त्रास इतका जाणवणार नाही, भाग्यवान आहात. मी आता सूर लावताना कूलर बंद करतो. घामाने बोटं घसरतात, घरचे 'झालं का?' विचारत दाराशी येतात, पण पंचम पंचमाच्या जागी राहतो.

उपाय तसा पाठ्यपुस्तकातला आहे: तबलीवर बारीक पॉलिश पेपर उलटा, खरखरीत बाजू वर करून पसरायचा, त्यावर घोडी तिच्या नेमक्या जागी ठेवून हलक्या हाताने पुढेमागे फिरवायची, म्हणजे पाय तबलीच्या आकाराचे होतात. तारा सैल करायच्या, सूर बारीक जुळवायचे मणी काढून ठेवायचे, रविवारची सकाळ त्यातच घालवायची असं ठरवून टाकलं होतं.

पण हे लिहिता लिहिताच प्रश्न पडला: कुठल्या तबलीच्या आकाराचे? दुपारच्या फुगलेल्या की पहाटेच्या बसलेल्या? आज कूलरच्या ओलीत पाय बसवले तर हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत पावती दुसऱ्या बाजूने आत जाईल. तर रविवारचा बेत रद्द. गुरुपौर्णिमेच्या बैठकीला हा तानपुरा न्यायचाय, आणि तोवर पाऊस लागलेला असेल. पावसाळ्यात निदान हवा दिवसभर सारखी दमट असते, कूलरसारखा तासातासाला रंग बदलत नाही. मृग बरसून हवा स्थिरावली की मगच पाय बसवायचे. तोपर्यंत तानपुरा आतल्या खोलीत, कपाटाशेजारी. तिथे भट्टी आहे, पण ओल नाही. रियाझाला इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावायचा, ज्याला जवारी नाही आणि म्हणून जवारीचे नखरेही नाहीत.

पायाखाली चामड्याचा पातळ तुकडा घालायचाही विचार येऊन गेला, पेटीच्या भात्याला लावतात तसलं मऊ चामडं. पण चामडं कंप गिळतं. घोडीतून तबलीत जाणारा आवाजच गिळला तर उघडी जवारी घेऊन काय करायचं? नापास.

त्यापेक्षा दोन घोड्या का नकोत? एक ओल्या दिवसांची, एक कोरड्या दिवसांची. तारा सैल करा, घोडी बदला, दोरे बसवा. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, छानच झालं, पण मिरजेत बसलेली घोडी नागपूरच्या नवतपात कशी वागेल हे कुठल्या शिक्क्यावर लिहिलेलं नसतं. तेव्हा त्यांच्याकडून कोरी घोडी मागवायची, पाय आणि माथा दोन्ही न घासलेले, आणि बाकीचं इथल्या हवेत करायचं. दुसरी घोडी हाडाची की फायबरची, हे अजून ठरत नाही. फायबर ओल पीत नाही आणि लवकर झिजत नाही हे कबूल, पण ऐकलेल्या दोनतीन फायबर जवाऱ्या मला जरा काचेरी वाटल्या. कोणी मर्दानी तानपुऱ्यावर, काळी एकच्या आसपास, फायबर वर्षभर वापरली असेल तर मध्यावर छेडून 277 चा खांब कसा दिसतो ते कळवा, आणि जमलं तर सोबत तुमच्या खोलीतली आर्द्रताही.

मिरजेला घोडीची लांबी, उंची आणि दोन पायांमधलं अंतर पाठवायचंय. पावतीने तेवढं मोजता येत नाही, व्हर्निअर कॅलिपर शेजारच्या पोरीकडून मागून आणलाय, तिचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष संपलंय. खर्जाची एक जादा तारही त्याच पार्सलात सांगणार आहे. आली की आधी चुंबक.