अवयवदानाचा अर्ज आणि मनातली भीती

नागपुरात अवयवदान झाले की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ग्रीन कॉरिडॉरची बातमी येते. वाहतूक थांबवून रुग्णवाहिका वर्धा रोडने विमानतळाकडे कशी नेली, यकृत कोणत्या शहरात गेले, मूत्रपिंडे किती जणांना मिळाली, हे सारे आपण सकाळच्या चहाबरोबर वाचतो आणि त्या कुटुंबाविषयी मनापासून आदर व्यक्त करतो. मात्र तोच आदर बाळगणाऱ्या माणसासमोर नोंदणीचा अर्ज ठेवला, की 'बघू, घरी विचारून सांगतो' असे उत्तर येते. प्रतापनगरातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात मी गेली काही वर्षे या विषयावर बोलत आले आहे, आणि या उत्तरामागे स्वार्थ आहे असे मला कधीच वाटले नाही. त्यामागे भीती असते. तिला नीट उत्तर न देता 'श्रेष्ठदान', 'महादान' अशा घोषणा ऐकवल्या, तर माणूस मान डोलावतो, अर्जाची घडी करून खिशात ठेवतो आणि तो विषय तिथेच संपतो.

सर्वांत मोठी भीती इतवारीत आयुष्यभर किराण्याचे दुकान चालवलेल्या एका भाऊंनी मला अगदी सरळ शब्दांत सांगितली होती. 'ताई, एकदा नाव लिहून देल्लं का मंग डॉक्टर आपल्याले वाचवते थोडीच? थे तर वाटच पाहते.' त्यांच्या बोलण्यावर आजूबाजूचे चार लोक हसले, पण हसणाऱ्यांच्या मनातही तेच होते. म्हणून या शंकेचे उत्तर मी नेहमी सविस्तर देते.

अपघातात जखमी झालेला माणूस अतिदक्षता विभागात येतो, तेव्हा त्याने अवयवदानाची नोंदणी केली आहे का, हे कोणी शोधत बसत नाही. ती नोंद राष्ट्रीय पातळीवरील नोट्टो या संस्थेकडे असते आणि उपचारांचा तिच्याशी काहीही संबंध नसतो. दान करता येईल का, हा प्रश्न उपचार थकल्यावर आणि मेंदू कायमचा मृत झाल्याचे दिसू लागल्यावरच पुढे येतो. मेंदूमृत्यू ठरवण्याचा अधिकारही एकट्या डॉक्टरच्या हाती नाही. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर, शासनमान्य यादीतील एक स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूशल्यचिकित्सक आणि रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर अशा चौघांच्या सह्या त्यासाठी लागतात. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला डॉक्टर या चौघांत असूच शकत नाही. शिवाय सर्व तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा कराव्या लागतात. ज्या राज्यांत हा कायदा १९९५ मध्ये सर्वांत आधी लागू झाला, त्यांत आपला महाराष्ट्र होता, ही गोष्टही मी आवर्जून सांगते.

या तपासण्यांत नेमके काय करतात, हे लोकांना ठाऊक नसते, आणि माझ्या अनुभवात निम्मी भीती तेवढ्या माहितीनेच उतरते. रुग्णाला गुंगीची औषधे दिलेली नाहीत ना, शरीराचे तापमान फार खाली गेलेले नाही ना, हे आधी पाहिले जाते, कारण या दोन्ही गोष्टींमुळे जिवंत मेंदूही निपचित दिसू शकतो. त्यानंतर डोळ्यांत प्रखर प्रकाश टाकून बाहुल्या आकसतात का, कापसाचा बारीक पीळ बुबुळाला लावल्यावर पापणी मिटते का, भुवईच्या हाडावर जोराने दाबल्यावर चेहऱ्यावर वेदना उमटते का, घशातल्या नळीतून बारीक नळी घातल्यावर खोकला येतो का आणि कानात बर्फासारखे थंड पाणी सोडल्यावर डोळे हलतात का, असे एकेक पाहिले जाते. शेवटी श्वासाची परीक्षा असते. रुग्णाला प्राणवायू पुरवत ठेवून व्हेंटिलेटर काही मिनिटे बाजूला करतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड ठरावीक पातळीच्या वर चढेपर्यंत छातीकडे लक्ष ठेवतात. मेंदूच्या तळाचा भाग, ज्याला मेंदूस्तंभ म्हणतात, तो थोडा जरी जिवंत असेल तरी अशा वेळी शरीर श्वासासाठी धडपडते. ती धडपड दोन्ही वेळा दिसली नाही, तरच मृत्यूचे प्रमाणपत्र तयार होते.

इथे नेहमी पुढचा प्रश्न येतो, आणि तो विचारताना माणसाचा आवाज बदलतो. 'पण छाती तर वरखाली होत असते, हात गरम असतो. मग मेला कसा म्हणायचे?' ज्या आईने आपल्या मुलाला असे पाहिले आहे, तिला हा प्रश्न पडणारच. छाती हलते ती यंत्राने हवा भरल्यामुळे. हृदयाला धडधडण्याचा इशारा मेंदूकडून यावा लागत नाही, तो हृदयातच निर्माण होतो, त्यामुळे प्राणवायू मिळत असेतोवर ते काही काळ चालू राहते आणि रक्त फिरत असल्याने हातही गरम लागतो. कोमातल्या माणसाची स्थिती याहून वेगळी असते. त्याचा मेंदू जिवंत असतो, पुष्कळदा तो स्वतः श्वास घेतो आणि त्यातून काही जण शुद्धीवर येतातही. 'वर्षभर कोमात होता आणि एक दिवस उठून बसला' अशा ज्या गोष्टी आपण ऐकतो, त्या कोमाच्या असतात. रीतसर तपासण्या होऊन मेंदूमृत ठरलेला माणूस परत येत नाही. हा फरक दुःखाच्या क्षणी, अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेरच्या खुर्चीवर बसून समजून घेणे कोणालाही फार जड जाते, म्हणून तो आधी, शांतपणे कळलेला असावा असे मला कळकळीने वाटते.

किडनीच्या चोरीच्या बातम्यांनी लोकांच्या मनात जी धास्ती बसली आहे, तीही निराधार नाही. अशी प्रकरणे देशात घडली आहेत आणि अवयवांच्या खरेदीविक्रीसाठी कायद्याने पाच ते दहा वर्षांचा तुरुंगवास आणि किमान वीस लाख रुपयांचा दंड ठेवला आहे. पण त्या बातम्या नीट वाचल्या तर लक्षात येते, की ते व्यवहार जिवंत माणसांच्या मूत्रपिंडांचे असतात. गरिबाला पैशांचे आमिष दाखवायचे, खोटी कागदपत्रे करून त्याला रुग्णाचा नातेवाईक ठरवायचे आणि शस्त्रक्रिया उरकायची, ही त्यांची रीत. मृत्यूनंतरच्या दानात अवयव कोणाला द्यायचा हे एखादा डॉक्टर किंवा पैसेवाला ठरवत नाही. विदर्भासाठी नागपुरात झेडटीसीसी हे विभागीय समन्वय केंद्र आहे आणि त्याच्याकडच्या प्रतीक्षायादीतून रक्तगट, प्रतीक्षेचा काळ, प्रकृतीची निकड अशा निकषांवर क्रम लागतो. दात्याच्या कुटुंबाला अवयव कोणाला मिळाला हे सांगितले जात नाही आणि घेणाऱ्यालाही दात्याचे नाव कळवले जात नाही. माझे तर ठाम मत आहे, की मृत्यूनंतरचे दान वाढले तरच जिवंत गरिबाच्या मूत्रपिंडावर डोळा ठेवणाऱ्यांचा धंदा बसेल.

धर्माचा प्रश्न मात्र मला कायद्याच्या भाषेत सोडवता येत नाही, आणि तसा तो सोडवूही नये. 'पुढच्या जन्मी आंधळी जन्मले तर?' असे एका मावशींनी मला विचारले होते. त्यांनी जन्मभर उपासतापास केले होते आणि त्यांचा प्रश्न खरा होता. जुने वस्त्र टाकावे तसा आत्मा देह टाकतो, असे आपण ज्या घरांत मानतो, त्या घरांत देह शेवटी अग्नीच्याच स्वाधीन करतो. डोळे दिले काय आणि सरणावर गेले काय, पुढे नेण्यासाठी ते कुणाजवळच उरत नाहीत, एवढेच मी त्यांना सांगू शकले. दीक्षाभूमीच्या या शहरात एका अंधाला स्वतःचे डोळे देणाऱ्या शिबी राजाची कथा बौद्ध घरांना नवी नाही. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८८ मध्ये अटींसह अवयवदानाला मान्यता देणारा ठराव केला, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांसमोर बोलताना या दानाचा गौरव केला. तरीही ज्याचे मन मानत नाही त्याच्यावर दबाव आणू नये, असे मी आमच्या मंडळात स्पष्ट सांगते.

माझ्या सासूबाईंचे निधन घरीच झाले, त्यामुळे त्यांचे केवळ नेत्रदान होऊ शकले. मृत्यूनंतर हृदय, यकृत, मूत्रपिंडे हे अवयव सहसा रुग्णालयात व्हेंटिलेटरवर असताना मेंदूमृत्यू झाला तरच देता येतात; घरी मृत्यू आला तर डोळे आणि त्वचा, तीही साधारण सहा तासांच्या आत. सासूबाईंना मधुमेह होता, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली होती आणि चष्माही होता, म्हणून 'त्यांचे डोळे काय कामाचे' असे शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या. यांपैकी एकाही गोष्टीने नेत्रदान अडत नाही. नेत्रपेढीला फोन केल्यावर त्यांनी सांगितले त्याप्रमाणे आम्ही पंखा बंद केला, पापण्या मिटवून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या आणि डोक्याखाली उशी दिली. दोघे जण आले, त्यांनी घरच्यांची सही घेतली, तपासणीसाठी थोडे रक्त काढले, आणि खोलीचे दार लावून अर्ध्या तासाच्या आत त्यांचे काम झाले. कॉर्निया, म्हणजे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, तेवढाच त्यांनी नेला. अंत्यदर्शनाला आलेल्या नातेवाइकांना चेहऱ्यात काहीही वेगळे दिसले नाही. माझ्या नणंदेला चेहरा विद्रूप होण्याचीच धास्ती होती, आणि तिने तेव्हापासून आपल्या सासरी तीन जणांचे अर्ज भरून घेतले आहेत.

इतर अवयव काढतानाही शस्त्रक्रियागृहात रीतसर शस्त्रक्रिया होते, टाके घालून देह सन्मानाने परत दिला जातो आणि अंत्यसंस्कार नेहमीप्रमाणे करता येतात. वेळ मात्र लागतो, आणि हे लपवू नये. दोन तपासण्यांमधले सहा तास, संमती, जुळणी, दुसऱ्या शहरातून चमू येणे, यांत दिवस जाऊ शकतो. अपघात म्हणजे पोलीस केस आणि शवविच्छेदन आलेच, त्यामुळे आणखी खोळंबा होईल अशी चिंता असते. पण नोव्हेंबर २०२१ पासून सुविधा असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करण्यास केंद्र सरकारने परवानगी दिली आहे आणि तिचे एक मुख्य कारण अवयवदान हेच होते. दान होत असताना अवयव काढण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर येत नाही. वयाचा बाऊ करण्याचेही कारण नाही. कोणता अवयव चालेल हे त्या वेळी डॉक्टर तपासून ठरवतात.

देहदानाशी होणारी गल्लत तेवढी टाळावी. देहदान हे वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी असते आणि डोळे सोडून इतर अवयव काढलेला किंवा शवविच्छेदन झालेला देह महाविद्यालये सहसा स्वीकारत नाहीत. दोन्ही अर्ज भरून ठेवायला हरकत नाही. मृत्यू कसा आणि कुठे येतो, त्यावर कोणता उपयोगी पडेल ते ठरते.

आता मूळ मुद्दा. इतकी वर्षे लोकांशी बोलल्यावर माझे असे मत झाले आहे, की नोंदणी करणाऱ्याच्या भीतीपेक्षा त्याच्या घरच्यांची भीती अधिक निर्णायक ठरते. आपल्याकडे कार्ड खिशात असले तरी प्रत्यक्ष दानाच्या वेळी जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती घेतली जाते आणि त्यांनी नको म्हटले तर दान होत नाही. स्पेनचे उदाहरण मला यासाठी फार बोलके वाटते. तिथे १९७९ च्या कायद्याने, नकार नोंदवला नसेल तर प्रत्येकाची संमती गृहीत धरली आहे, तरी व्यवहारात तिथले डॉक्टर कुटुंबाला विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. रुग्णालयारुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमून, घरच्यांशी धीराने बोलूनच त्यांनी दर दहा लाख लोकांमागे चाळीसहून अधिक दात्यांपर्यंत मजल मारली. आपल्या देशात हे प्रमाण अजून एकावरही गेलेले नाही.

म्हणून अर्ज भरायचा तो घरात सर्वांसमोर भरावा. नोट्टोच्या संकेतस्थळावर आधार क्रमांकाच्या साहाय्याने नोंदणी होते, कोणते अवयव आणि ऊती द्यायच्या ते निवडता येते आणि मन बदलले तर नोंदणी रद्दही करता येते. कागदी अर्जावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि त्यांतला एक जवळचा नातेवाईक असावा लागतो. या अटीकडे कटकट म्हणून न पाहता बोलणे काढण्याचे निमित्त म्हणून पाहावे. मी माझ्या मुलाची सही घेतली तेव्हा तो गप्प झाला, मग त्याने व्हेंटिलेटरबद्दल आणि श्वासाच्या परीक्षेबद्दल बरेच प्रश्न विचारले आणि तास-दीड तास आम्ही त्यावरच बोललो. पुण्यात असलेल्या मुलीला आणि अमरावतीच्या माझ्या भावालाही मी फोन करून सारे सांगितले आहे, कारण अशा वेळी घरातला एक जण जरी 'आम्हाला तर ती कधी काही बोलली नव्हती' म्हणून अडून बसला, तर होकार देणारेही मागे सरतात.