करण पोपटांमागे एक वर्ष

आज रस्त्याकडेच्या जुन्या शिरीषाच्या ढोलीतून करण पोपटाच्या, म्हणजे खांद्यावर लाल डाग असलेल्या मोठ्या देशी पोपटाच्या, पिल्लानं डोकं बाहेर काढलं. चोच फिकी, शेपटीचा अजून पत्ता नाही. गळ्यातला गुलाबी पट्टा यायला दोन-तीन वर्षं लागतील, तोही नर असला तर!

वर्षभर पक्षी कमी पाहिले, वादच जास्त घातले. जुनं पोकळ झाड तोडलं की यांचं घरच गेलं. त्यात हिवाळ्यात पिल्लं काढून विकणारे टपलेलेच. १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार देशी पोपट पाळणं गुन्हा आहे म्हटलं, की उत्तर ठरलेलं, "अहो, आमचा मिठू तर घरचाच!" गॅलरीत पिंजरा, वाटीत मिरची.

त्यातल्याच एक काकू आज झाडाखाली मान वर करून उभ्या. म्हणाल्या, "हा बोलतो का हो?"