कोल्हापुरी चपला भिवंडीतून पाठवताना

ऑनलाइन ऑर्डरी वाढल्या तशी आमच्या कोल्हापूरच्या दुकानातल्या माळ्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही. दिवसभर पॅकिंग, संध्याकाळी कुरिअरवाल्याची वाट. कारागिरांकडे फिरकायलाही सवड मिळेना. शेवटी साठवण, पॅकिंग, डिस्पॅच सगळं एका थ्रीपीएल कंपनीकडे, म्हणजे दुसऱ्यांचा माल सांभाळून पाठवणाऱ्या कंपनीकडे, सोपवलं. गोदाम भिवंडीला, कारण आमचं निम्मं गिऱ्हाईक मुंबई-ठाण्याचं.

कागदपत्रं सीएनं मार्गी लावली. गोदाम महाराष्ट्रातच, त्यामुळे नवा जीएसटी नंबर लागला नाही. आहे त्याच नोंदणीत भिवंडीचा पत्ता जोडला. (बेंगळुरूला गोदाम घेतलं असतं तर कर्नाटकची वेगळी नोंदणी आली असती.) माल विकला जात नव्हता, नुसती जागा बदलत होता, म्हणून बिलाऐवजी डिलिव्हरी चलन आणि किंमत लाखाच्या वर असल्यानं ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा कागद.

खरी गोम रेटकार्डात असते. प्रति ऑर्डर दर ठळक अक्षरांत. माल उतरवणं, साठवण, परत आलेला जोड तपासून पुन्हा रॅकवर लावणं हे सगळं खाली, बारीक. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल कुणी दारातून परत पाठवलं की जाण्याचं भाडं आपलं, येण्याचंही आपलंच. मी गेल्या महिन्याच्या खऱ्या ऑर्डरी त्या दरांत बसवून पाहिल्या आणि घासाघीस केली ती फक्त परतीच्या दरावर.

दुसरी गोष्ट खोक्याची. कुरिअर वजनकाट्याबरोबर आकारमानही बघतं आणि जे जास्त भरेल त्याचं भाडं लावतं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० नं भागायचं. आमचं खोकं ३२×२२×१०, म्हणजे १.४ किलो, भाडं दीड किलोचं. आत जोड जेमतेम पाऊण किलोचा! ३०×२०×८ चं खोकं करून घेतलं आणि हिशेब एक किलोच्या आत आला. कोल्हापुरी चपटी असते, हा तिचा गुण इथे कामी आला.

गोदामाचा सुपरवायझर पहिल्याच भेटीत म्हणाला, "मॅडम, आमची पोरं चप्पल नाय बघत, स्टिकर बघतात." म्हणून प्रत्येक माप, प्रत्येक रंग यांना वेगळा बारकोड दिला आणि तो कोल्हापुरातच चिकटवून पाठवतो. पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते, तेव्हा तिकडे माल थोडाच ठेवतो, खोक्यात सिलिका जेलची पुडी टाकून.

पायाच्या मापावर बनवून घेतलेले जोड मात्र आम्हीच पाठवतो. ते काम भिवंडीला देण्यासारखं नाही.