भरती-ओहोटीच्या पानाची प्रगती: वेबपॅक ४ गेला, ऑडिटची भुणभुण उरली

नव्यांसाठी थोडक्यात: मुंबईच्या भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारं हे एक साधं पान आहे. खाली वाचकांना नोंद टाकायची चौकट आहे. वरळीला पाणी रस्त्यावर आलं, वर्सोव्याला खडक उघडे पडले, असं काय काय लोक फोटोसकट टाकतात. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती असली की पानावर झुंबड उडते, म्हणून पानाच्या कोडचे तुकडे एकत्र बांधणारं साधन, वेबपॅक, ४ वरून ५ वर न्यायचं काम मुद्दाम दिवाळीनंतर काढलं.

वेबपॅक ४ सोडायला भाग पाडलं ते ऑडिटनं (जावास्क्रिप्टची तयार पॅकेजं आणून देणाऱ्या एनपीएमची, त्यांतल्या ज्ञात त्रुटींची यादी देणारी तपासणी) नाही, तर वेबपॅक ज्यावर चालतो त्या नोडनं. नोड १७ बरोबर ओपनएसएसएल ३ ही क्रिप्टोची (सांकेतिकीकरणाची) लायब्ररी आली आणि वेबपॅक ४ ज्या एमडी४ या जुन्या हॅशवर (मजकुराचा छोटा ठसा काढायच्या पद्धतीवर) चालायचा तो तिथे मिळेनासा झाला. 'लेगसी प्रोव्हायडर'चा फ्लॅग लावून बऱ्याच जणांनी गाडी ढकलली. एका हॅशसाठी अख्ख्या प्रोसेसला जुनी क्रिप्टो उघडून देणं मला काही पटेना. वेबपॅक ५ मध्ये नोडचे पॉलिफिल (नोडच्या सोयी ब्राउझरमध्ये पुरवणारा भरीचा कोड) आपसूक घुसत नाहीत, त्यामुळे क्रिप्टो-ब्राउझरिफाय हे पॅकेज आणि त्याच्या पोटातला एलिप्टिकही गेला. जुना डेव्ह-सर्व्हर (काम करताना पान स्वतःच्या मशीनवर दाखवणारा सर्व्हर) गेल्यावर त्याच्यामागून आलेली चोकिडार २ आणि ग्लोब-पेरंट ही पॅकेजंही गेली. नोडचा 'पाथ' हा भाग तेवढा तुटला. लागायचं ते एकच फंक्शन हातानं लिहून टाकलं.

आता ऑडिटच्या उरलेल्या यादीबद्दल. त्रुटी किती गंभीर हे सांगणाऱ्या 'हाय' आणि 'मॉडरेट' या शिक्क्यांवर माझा फारसा विश्वास नाही. ब्रेसेस या पॅकेजचं बघा: ३.०.३ च्या आधीच्या आवृत्तीला 'हाय'. वेडावाकडा पॅटर्न दिला की मेमरी संपते. पण माझ्या बिल्डला पॅटर्न देणार कोण? मीच. आवृत्ती वाढवली, विषय संपला. मी आधी एवढंच बघतो की हा कोड वाचकाच्या ब्राउझरमध्ये जातो की माझ्या मशीनवरच राहतो. 'एनपीएम एलएस' लावून पॅकेज कुणाच्या मागून आलंय ते पाहिलं की निम्मा निकाल तिथेच लागतो.

या हिशेबानं सगळ्यात जपायला हवं होतं ते एका 'मॉडरेट'ला, आणि गंमत म्हणजे ते ५ बरोबरच आलं. ५ मध्ये 'पब्लिकपाथ' ही सेटिंग मुळातच 'ऑटो' असते. म्हणजे उरलेले तुकडे कुठून आणायचे हे बंडल (बांधलेली फाइल) स्वतःच डॉक्युमेंटच्या 'करंटस्क्रिप्ट'वरून, म्हणजे सध्या चालू असलेल्या स्क्रिप्ट टॅगवरून ठरवतं. आता कुणी नोंदीत असा इमेज टॅग टाकला की ज्याचं नावच 'करंटस्क्रिप्ट' आहे, तर ब्राउझर स्क्रिप्टऐवजी ते चित्र पुढे करतो. चित्राचा पत्ता परक्या सर्व्हरचा असेल तर पुढचे तुकडेही तिथूनच येणार. एकही स्क्रिप्ट टॅग न लिहिता घरात शिरकाव! याला डॉम क्लॉबरिंग म्हणतात. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या वेबपॅक ५.९४.० नं समोरचा टॅग खरंच स्क्रिप्ट आहे का हे तपासायला सुरुवात केली. रोलअप या वेबपॅकसारख्याच साधनालाही त्याच वर्षी असाच पॅच काढावा लागला. ज्यांच्या पानावर वाचक काहीच लिहीत नाहीत त्यांनी सावकाश केलं तरी चालेल. माझ्याकडे फोटोची मुभा आहे, म्हणून पब्लिकपाथही आता पूर्ण पत्ता देऊन पक्का केलाय, आणि नोंदींतल्या टॅगवरची नेम, आयडी ही ॲट्रिब्यूट्स सरसकट काढून टाकतो.

दुसरं 'मॉडरेट' डेव्ह-सर्व्हरचं, ५.२.१ मध्ये बुजवलेलं. परक्या साइटचं उत्तर वाचू द्यायला ब्राउझर आडकाठी करतो, पण साध्या स्क्रिप्ट टॅगला करत नाही. तुम्ही काम करताना शेजारच्या टॅबमध्ये एखादं दुष्ट पान उघडं असेल तर ते लोकलहोस्ट ८०८० वरची मेन.जेएस ओढून घेतं, वेबपॅकच्या मॉड्यूलांपर्यंत पोचतं, आणि फंक्शनला 'टूस्ट्रिंग' केलं की सोर्स हातात. नवी आवृत्ती असली दुसऱ्या साइटवरून आलेली मागणी हेडर बघून परतवते. मी पोर्टही बदलला. पोर्ट आणि फाइलचं नाव ओळखता येणं ही त्या चोरीची पहिली अट आहे.

ऑडिटच्या आवाक्याबाहेरची गोष्ट वेगळीच. ८ सप्टेंबर २०२५ ला फिशिंग मेलमधून एका देखभालकर्त्याचं खातं हाती लागलं आणि चॉक, डीबग या पॅकेजांच्या विषारी आवृत्त्या एनपीएमवर चढल्या. साधारण दोन तासांत काढल्या, पण त्या दोन तासांत ऑडिट काय सांगणार? डीबग माझ्याकडेही आहे, डेव्ह-सर्व्हरला लागणाऱ्या स्पीडी या पॅकेजामागून आलेला. अशा वेळी लॉकफाइल (प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती नोंदलेली फाइल) आणि नेमक्या त्याच आवृत्त्या बसवणारी 'एनपीएम सीआय' ही आज्ञा हेच कामाला येतात. नुसतं 'इन्स्टॉल' डिप्लॉयच्या स्क्रिप्टमधून मी केव्हाच हद्दपार केलंय.

पुढचं काम एनपीएमऐवजी पीएनपीएम या पर्यायावर जाण्याचं. त्यात १०.१६ पासून 'मिनिमम रिलीज एज' (आवृत्ती किमान किती जुनी हवी ही अट) आलंय, मिनिटांत मोजायचं. ४३२० ठेवलं की तीन दिवसांपेक्षा कोवळी आवृत्ती आत येत नाही. अडचण अशी की सुरक्षेचा पॅचही तीन दिवस दारातच थांबणार. या अटीतून वगळायच्या यादीत सध्या वेबपॅक आणि डेव्ह-सर्व्हर ही दोनच नावं टाकायचा विचार आहे. तुमच्यापैकी कुणी ही यादी वापरत असेल तर त्यात काय काय ठेवलंय ते जरूर सांगा.